सातवीत ५४ मुलं, ३५ मिनिटांची तासिका: प्रकल्प वर्गातच कसा करून घ्यायचा?

सातवी_ब

नमस्कार. मुंबईतली अनुदानित मराठी शाळा, सातवीचा वर्ग, पटावर ५४. गणित आणि विज्ञान दोन्ही मीच शिकवते, त्यामुळे तासिका जोडून घेता येतात, पण एक तासिका ३५ मिनिटांचीच.

आमच्याकडे ‘प्रकल्प’ म्हणजे घरून येणारी फाइल. मुखपृष्ठावर चमकी, आत सायबरवाल्याकडून काढलेले प्रिंट, शेवटच्या पानावर ‘पाणी हेच जीवन’. निम्म्या फाइलींत अक्षर आईचं असतं. यंदा घरी काहीच न पाठवता प्रकल्प वर्गातच करून घ्यायचा आहे, आणि तो करता करता गणित-विज्ञानाचे घटकही शिकवून व्हायला हवेत. नाहीतर पोर्शन मागे पडतो.

विषय पाणी धरला आहे. अडचणी अशा: ५४ जणांना एकदम वर्गाबाहेर नेता येत नाही, आमची शाळा दुपारची आणि सकाळी त्याच इमारतीत दुसरं सत्र भरतं, खर्च पाचशे रुपयांच्या आत हवा, आणि सगळं सहामाहीआधी संपायला हवं. ‘मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात’ छापाचा सल्ला नको. तासिका कशा पाडायच्या, काय मोजायचं, गट कसे करायचे, गुण कसे द्यायचे, एवढं सांगा.


मोजपट्टी

मॅडम, पाणी ठेवा. पण ‘पाणी’ हा विषय झाला, प्रश्न नाही, आणि फाइली तिथूनच जन्माला येतात. विषय दिला की मूल माहिती गोळा करतं, प्रश्न दिला की त्याला काहीतरी करावं लागतं.

प्रश्न लिहिला की एक चाळणी लावा: याचं उत्तर गुगलवर मिळेल का? ‘मुंबईला पाणी कुठून येतं’ याचं मिळतं, सात तलावांची नावं अर्ध्या मिनिटात. ‘आपल्या शाळेत रोज किती लिटर पाणी उगाच वाहून जातं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ते किती कमी करता येईल’ याचं उत्तर कुठेही छापलेलं नाही. ते मोजूनच काढावं लागतं. ‘मुंबईची पाणीटंचाई कशी सोडवाल’ असला प्रश्न मात्र घेऊ नका. तो मुलांच्या हातात नाही, आणि शेवटी घोषवाक्यांवर येऊन थांबतो.

शाळेत पाणी वाया जाण्याच्या मोजता येण्याजोग्या जागा चार: गळणारे नळ, साबण लावताना उघडा राहिलेला नळ, झिरपणारी फ्लशची टाकी, आणि शाळा सुटताना बाटल्यांतून ओतून दिलेलं उरलेलं पाणी. चौथीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ५४ मुलांनी सरासरी १५० मिलिलिटर ओतलं तर एका वर्गाचे आठ लिटर झाले. एक बादली दारात ठेवा, सगळ्यांनी त्यात ओतायचं, तीन दिवस मोजायचं. हे मोजमाप सर्वांत सोपं, म्हणून सुरुवात त्याने करा.

नळाची धार. पाच लिटरचा रंगाचा रिकामा डबा धुऊन घ्या आणि प्रयोगशाळेतल्या ५०० मिलिच्या मोजपात्राने दहा वेळा पाणी ओतून त्यावर पाच लिटरची खूण करा. पाण्याची एक लिटरची बाटली तोंडापर्यंत भरली तर त्यात लिटरहून जास्त पाणी मावतं, त्यामुळे ‘बाटली भरली म्हणजे एक लिटर’ असं धरू नका, तिच्यावरही खूण करून घ्या. डबाच का? मुलांच्या हाताला घड्याळ दाबायला अर्धा सेकंद इकडेतिकडे होतोच. लिटरभर पाणी ८ सेकंदांत भरत असेल तर त्या अर्ध्या सेकंदाने सहा टक्के चूक येते. तोच नळ पाच लिटरला ४० सेकंद घेतो आणि चूक सव्वा टक्क्यावर येते. हे वर्गात करून दाखवा. मोजमापातली चूक हा घटक इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकवता येत नाही. प्रत्येक नळाला तीन वाचनं आणि त्यांची सरासरी. नळ पूर्ण उघडून एकदा, मुलं नेहमी उघडतात तेवढा उघडून एकदा.

एका वेळी एकच नळ. चार गटांनी शेजारशेजारचे चार नळ एकदम उघडले तर प्रत्येकाची धार बारीक होते आणि आकडे जुळत नाहीत. मजल्यामजल्याला धार वेगळी येईल तीही चूक नव्हे. गच्चीवरच्या टाकीपासून जितकं खाली याल तितका दाब जास्त, दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका असतो. ‘तळमजल्याचा नळ तिसऱ्या मजल्यापेक्षा जास्त पाणी का देतो’ हे मुलांनाच विचारा, दाबाचा पाठ तिथेच सुरू होतो.

गळती. गळक्या नळाखाली बाटली दहा मिनिटं ठेवायची आणि जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं. गुणिले १४४ केलं की दिवसाचं. दहा मिनिटांत ३० मिलि म्हणजे दिवसाला ४.३२ लिटर. इथे मुंबईतली एक मेख आहे. टाकीवरचा नळ चोवीस तास गळतो, पण थेट पालिकेच्या लाइनवरचा नळ पाणी येतं तेवढेच तास गळतो. कुठला नळ कशावर आहे हे शिपाईमामांना आधीच विचारून वहीत लिहा, नाहीतर १४४ ने गुणून मोठमोठे आकडे फळ्यावर येतील.

फ्लश. टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून १५-२० मिनिटं कुणीही फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी सील गेलेली. रांगोळी किंवा होळीचा रंग नको, डाग राहतो आणि मावशी तुमच्यावर चिडतील. यातून गळती आहे की नाही एवढंच कळतं, किती हे कळत नाही. अहवालात तसंच लिहायला लावा.

हात धुणं. मधल्या सुट्टीत दोन मुलं नोंदवही घेऊन नळापाशी उभी राहिली की त्या दिवशी सगळी शाळा गुणी होते, किंवा सहावीतली पोरं मुद्दाम नळ उघडे ठेवतात. म्हणून तीन दिवस निरीक्षण करा आणि पहिल्या दिवसाचे आकडे फेकून द्या. ताळ्याच्या खुणांनी मुलं मोजायची, आणि दर पाचव्या मुलाचा ‘साबण लावताना नळ उघडा’ एवढाच वेळ सेकंदांत लिहायचा. समजा धार मिनिटाला ६ लिटर आहे आणि १५ सेकंद नळ उगाच वाहतो, तर माणशी दीड लिटर. पुढचा गुणाकार मुलं स्वतः करतील, आणि तोंड उघडं राहील.

तासिका चौदा, आणि दोन राखीव. पावसाची एखादी अचानक सुट्टी ऑगस्टपर्यंत पडतेच. पहिल्या तासिकेत प्रश्न, आणि प्रत्येकाने आपला अंदाज लिटरमध्ये चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचा. दुसरीत वर्गातच डबा-घड्याळाचा सराव. तिसरी साधी शिकवण्याची: सरासरी आणि एककांचं रूपांतर. चौथी ते सातवी मोजमाप. आठवीत सगळ्यांचे आकडे फळ्यावर, विजोड आकडा कुठून आला याची झाडाझडती. नववीत समप्रमाण, दहावीत उपाय निवडणं. मग एक आठवडा प्रकल्प बंद, नेहमीचे पाठ चालू, तेवढ्यात दुरुस्ती होते. अकरा-बारा फेरमोजणी, तेरावीत आधी-नंतरचा जोडस्तंभालेख आणि पत्र, चौदावीत तोंडी. समप्रमाण, जोडस्तंभालेख, सांख्यिकी हे तिन्ही सातवीच्या गणितात आहेतच, त्यामुळे या चौदांतल्या निदान सहा तासिका पोर्शनच्याच खात्यात जातात.

पाण्याच्या मीटरच्या नादी लागू नका. मीटर टाकीत किती भरलं ते सांगतो, किती वापरलं ते नाही, आणि दोन सत्रांचं पाणी त्यात एकत्र असतं. पावसाळ्यात त्याच्या काचेत वाफ धरते ती वेगळीच.


शेवटचा_बाक

मोजपट्टींच्या आराखड्यात मी फक्त गटांचं घालतो, कारण ५४ च्या वर्गात प्रकल्प बुडतो तो तिथेच.

सहाचा गट करू नका. सहांत दोघं काम करतात, दोघं बघतात, दोघं भांडतात. चार-चारचे बारा गट आणि तीन-तीनचे दोन, झाले ५४. बाकांची अडचण वाटेल, पण पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड करून बसलं की गट तयार, बाक हलवायला नकोत. गट मुलांना पाडू देऊ नका आणि ‘हुशार-मध्यम-कच्चा’ असं उघडही करू नका. मागच्या घटक चाचणीच्या गुणांवरून तुम्ही घरी यादी करा, वर्गात फक्त नावं वाचा.

कामं चार: मोजणारा, वेळ बघणारा, लिहिणारा, पडताळणारा. पडताळणाऱ्याचं काम एकच, लिहिलेला आकडा मोठ्याने वाचायचा आणि एकक विचारायचं. ‘चाळीस’ नाही चालणार, ‘चाळीस सेकंद’. दर तासिकेला कामं एक घर पुढे सरकतात. हे कागदावर लिहून गटाला चिकटवून द्या, नाहीतर चांगलं अक्षर असलेली मुलगी चौदा तासिका लिहीतच राहते आणि डब्याला हातही लावत नाही. (हे जवळजवळ नेहमी मुलींच्याच बाबतीत होतं. लक्ष ठेवा.)

लिहिणारा गटाचा तक्ता भरतो, पण प्रत्येकाने तासिकेच्या शेवटच्या पाच मिनिटांत तो आपल्या वहीत उतरवून खाली एक ओळ लिहायची: आज काय जुळलं नाही. ‘आज काय शिकलो’ विचारलंत तर ‘पाण्याचे महत्त्व शिकलो’ येतं. वह्या वर्गाच्या कपाटात राहतील, घरी जाणार नाहीत. घरी गेल्या की चमकी लागून परत येतात.

वर्गाबाहेर एका वेळी तीन गट, म्हणजे बाराजण, तेही वर्गाच्या दारातून दिसतील अशाच नळांवर. पाच लिटरची तीन वाचनं आणि पाणी ओतणं धरून गटाला आठ मिनिटं लागतात. एकेका नळाने जायचं म्हणजे तीन गटांना २४ मिनिटं, एक तासिका संपली. चौदा गटांना पाच तासिका झाल्या, आणि आराखड्यात आहेत चारच. म्हणून सगळ्या गटांना सगळं मोजायला लावू नका. पाच गट धार, चार गट गळती, तीन हात धुणं, दोन बाटल्या आणि फ्लश. धारेचे पाच गट दोन तासिकांत उरकतात, बाकीच्या दोन फेरतपासणीला. गळतीच्या गटांना नळाखाली बाटली ठेवून वर्गात परत येता येतं, दहा मिनिटांनी जाऊन उचलायची. फ्लशची तपासणी शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर, मुलांच्या मुताऱ्या मुलांनी आणि मुलींच्या मुलींनी, सोबत मामा किंवा मावशी.

आत बसलेल्या ४२ जणांना काम हवंच. आदल्या दिवशीच्या आकड्यांवर पाच उदाहरणं फळ्यावर असू द्या. ‘शांत बसा’ हे काम नव्हे.


खडूची_पूड

थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेत किलपॅट्रिकने १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली, आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, पुढे आली. म्हणजे ‘करून शिका’ आपल्याला नवं नाही. तरी ते दरवेळी फाइलीवर का येऊन थांबतं? कारण मुलाकडे आधी काय असायला हवं हे कुणी तपासत नाही. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी हेच नेमकेपणाने मांडलं होतं: नवख्याला मार्गदर्शन कमी दिलं तर त्याचं डोकं वाट शोधण्यातच खर्ची पडतं, शिकायला उरत नाही.

या प्रकल्पात मुलं कुठे अडणार ते आधीच सांगता येतं. दशांश अपूर्णांकाचा भागाकार. पाच लिटर भागिले ४१.५ सेकंद ही आकडेमोड सातवीतली निम्मी मुलं करू शकणार नाहीत, आणि मग गटातला एकजण करेल, बाकीचे उतरवतील. दुसरी अडचण सरासरीची. तीन नळांच्या धारांची सरासरी काढून तिलाच मूल ‘शाळेचं पाणी’ म्हणतं, खरं तर तिथे बेरीज हवी. तिसरी शेकडेवारीची: १२ लिटरवरून ९ वर आलं तर घट २५ टक्के, पण तीन भागिले नऊ करून ३३ सांगणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. आधीच्या आकड्याने भागायचं, नंतरच्या नाही, हे वेगळं शिकवावं लागतं. प्रकल्पातून ते उगवत नाही.

म्हणून माझं म्हणणं: पहिल्या तासिकेच्या आधी पाच गणितांची दहा मिनिटांची चिठ्ठी-चाचणी घ्या, बिनगुणांची. सेकंदाचं मिनिट, मिलिलिटरचा लिटर, दशांश भागाकार, सरासरी, शेकडेवारी. ज्यात पंधरापेक्षा जास्त मुलं चुकली तो घटक नेहमीसारखा फळ्यावर शिकवा, मग डबा हातात द्या. यात मोजपट्टींची एक तासिका पुरणार नाही, दोन धरा.


मोजपट्टी

दोन धरा, मान्य. राखीव दोनांतली एक घ्या. भागाकाराचं ओझं कमी करायचं असेल तर प्रश्न उलटा विचारा: ‘पाच लिटरला किती सेकंद’ ऐवजी ‘३० सेकंदांत किती लिटर’. दुप्पट केलं की मिनिटाचं उत्तर, भागाकार नकोच. मात्र त्यासाठी डब्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा कराव्या लागतील, वाचनात पाव लिटर इकडेतिकडे होईल, आणि धार मिनिटाला दहा लिटरच्या वर असली तर ३० सेकंदांच्या आतच डबा भरून वाहील. पूर्ण उघडलेल्या नळाला म्हणून १५ सेकंद घ्या आणि चौपट करा. अर्धे गट या पद्धतीने, अर्धे त्या पद्धतीने केले आणि दोन्ही उत्तरं शेजारी मांडली तर आठव्या तासिकेला बोलायला भरपूर मिळतं.


कार्यानुभव

नळांची परवानगी मिळाली नाही, किंवा शाळेतले नळ चक्क चांगले निघाले (होतं असंही), तर पर्याय म्हणून पाऊस घ्या. प्रश्न: आपल्या गच्चीवर पडणाऱ्या पावसात शाळेचे किती दिवस भागतील?

पर्जन्यमापकासाठी दोन लिटरची सरळ कडांची बाटली. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, चिकटपट्टीने कड बंद करायची. तळ वाकडातिकडा असतो, म्हणून आधी खडे घालायचे आणि सपाट भागापर्यंत पाणी भरून तिथे शून्य. बाहेरून कागदी पट्टी, वर पारदर्शक टेप. बाटली मध्ये बारीक आणि वर रुंद असेल तर मिलिमीटर चुकतात, तोंड आणि पोट एकाच व्यासाचं हवं. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, तुम्हीही तीच वेळ पाळली तर पेपरातल्या कुलाबा-सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून बघता येतं. आकडे जुळणार नाहीत, मुंबईत दोन स्टेशनांच्या अंतरात पाऊस बदलतो. पण दुपारच्या शाळेतल्या मुलांना साडेआठला कोण बोलावणार? सकाळच्या सत्रातल्या एखाद्या वर्गाला वाचन घ्यायला सांगा आणि वही कार्यालयात ठेवा. दोन सत्रं अडचण वाटतात, इथे ती सोयीची आहेत.

भिंतीपासून लांब ठेवा, भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर असलं तर उत्तम. कठड्यावरून शिंतोडे उडाले की आकडा फुगतो. २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अतिवृष्टीतलाही वरचा प्रकार, त्या दिवशी ही बाटली भरून वाहू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. तेवढ्यासाठी बाटली किती उंच लागली असती हे गणित मुलांना जरूर घाला. आणि वाचन झालं की बाटली लगेच रिकामी करा. आठवडाभर पाणी साचलं की डासांच्या अळ्या, आणि पालिकेचा माणूस तपासणीला आला तर प्रकल्प तिथेच आटोपतो.

हिशेब सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४०० चौरस मीटरची गच्ची आणि मोसमात २,००० मिमी धरला तर आठ लाख लिटर, उडून-सांडून जाणारं वजा करून ८० टक्के घेतलं तर ६ लाख ४० हजार. गच्चीची लांबी-रुंदी नकाशावरून किंवा तळमजल्याच्या पावलांवरून काढा, मुलांना गच्चीवर चढवू नका.

याच्याच जोडीला तलावांचा साठा घेता येतो. पावसाळ्यात पेपरात रोज येतो. सातही तलाव भरले की एकूण १४.४७ लाख दशलक्ष लिटर होतात. आज १०.८५ लाख असेल तर ७५ टक्के. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. यात मुलं हमखास पवई घालतात. पवईचं पाणी प्यायला येत नाही. ‘दशलक्ष लिटर’ला ‘लाख लिटर’ लिहिणंही ठरलेलं, दशलक्ष म्हणजे दहा लाख हे फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्या.


सातवी_ब

सगळ्यांचे आभार. नळ चांगले निघतील अशी भीती नाही, तळमजल्याचे तीन आत्ताच गळतायत.

दोन शंका उरल्या. आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर वर्गात चालतं त्याच्या) नोंदीत हे बसवायचं कसं? आणि फेरमोजणीत पाणी कमी झालंच नाही तर प्रकल्प फसला म्हणायचा का? मुख्याध्यापकांना ‘निष्पत्ती’ दाखवायची असते.


शेवटचा_बाक

आकारिकची आठ साधनतंत्रं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. सातवीला आकारिक ४० टक्के, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ६०. या चौदा तासिकांतून प्रकल्पाचीच नव्हे, तर निदान चार साधनतंत्रांची नोंद निघते. धार मोजणं हे विज्ञानाचं प्रात्यक्षिक, चौदाव्या तासिकेचं तोंडीकाम, वहीतली शेवटची ओळ निरीक्षणाला, आणि एकूण तो प्रकल्प. वेगळं काही घ्यावं लागत नाही, फक्त तारखा त्या त्या दिवशी टाका. मार्चमध्ये आठवून भरलेल्या नोंदी लगेच कळतात.

प्रकल्पाचे दहा गुण असे करा: नोंदी पूर्ण, एककासह, खाडाखोड न लपवता, ३. आकडेमोड ३. तोंडी २. शिफारस आपल्याच आकड्यावर उभी आहे का, २. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. चुकीचं वाचन खोडून लपवणाऱ्यापेक्षा त्याला गोल करून शेजारी ‘नळ दुसऱ्याने उघडला होता’ असं लिहिणाऱ्याला जास्त गुण पडले, की दोन दिवसांत वह्या खऱ्या होतात.

नोंदी गटाच्या, पण तोंडी एकेकट्याचं. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, गटातून एक काढा, त्या मुलाने गटाचा आलेख समजावायचा आणि ते दोन गुण चौघांनाही. कुणाची चिठ्ठी निघेल माहीत नसतं, त्यामुळे आदल्या मधल्या सुट्टीत हुशार पोरगा कच्च्याला शिकवताना दिसतो. चौदा गटांना दोन-दोन मिनिटं, म्हणजे २८. पस्तिसात बसतं, टाळ्या वाजवू दिल्या नाहीत तर. आकडेमोडीचे तीन गुण मात्र गटाला देऊ नका. दहा मिनिटांची लेखी चाचणी, प्रत्येकाला वेगळी, दुसऱ्याच शाळेचे काल्पनिक आकडे देऊन. आपल्याच शाळेचे दिलेत तर पाठ करून येतात.


मोजपट्टी

दुसऱ्या शंकेबद्दल. पाणी कमी झालं नाही म्हणून प्रकल्प फसत नाही, पण का झालं नाही हे आकड्यांवरून सांगता आलं पाहिजे. साधारण कारणं तीन. एक, आधीची मोजणी शनिवारच्या अर्ध्या शाळेची आणि नंतरची पी.टी.च्या दिवसाची. वार तोच ठेवा, तासिकाही तीच. दोन, सूचनाफलक लावले आणि तोच उपाय मानला. फलकाने पहिला आठवडा फरक पडतो, नंतर तो भिंतीचा भाग होतो, तर वायसर बदलला की नळ रात्रीही गळत नाही. मुलांनी उपाय निवडताना प्रत्येकासमोर ‘रोज किती लिटर वाचतील’ आणि ‘किती रुपये’ असे दोन रकाने भरले की फलक आपोआप खाली सरकतो. तीन, दुरुस्ती झालीच नाही, कारण पत्र गेलं आणि टेबलावर राहिलं.

म्हणून पत्र मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीलाही जाऊ द्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांच्यापुढे सातवीतलं मूल आकडे घेऊन उभं राहिलं की प्लंबर येतो. मराठीच्या बाईंना सांगून ते औपचारिक पत्र म्हणून त्यांच्याच तासिकेत लिहून घ्या, त्यांनाही एक उपक्रम मिळतो. पत्रात ‘पाणी वाचवा’ हे शब्द वापरायला बंदी घाला. नळ क्रमांक, मजला, दिवसाची गळती, हवी असलेली वस्तू, एवढंच. नळांना क्रमांक पहिल्याच आठवड्यात ऑइलपेंटने घालून ठेवा, खडूचे एका दिवसात धुऊन जातात.


सातवी_ब

चालेल. सोमवारी चिठ्ठी-चाचणी घेते. वायसर कुठला आणायचा? सगळे नळ जुने पितळी आहेत. आणि नळाला लावायची ती फेस करणारी जाळी त्यांना बसेल का?


कार्यानुभव

जाळी बसण्याची शक्यता कमी. तिला नळाच्या तोंडाला आटे लागतात, जुन्या पितळी नळांचं तोंड बहुधा साधं असतं. बोट फिरवून बघा, आटे लागले नाहीत तर तो खर्च वाचला. वायसर नळाच्या मापावर, बहुतेक शाळांत अर्धा इंचीच असतात, पण मामांना एक जुना काढून द्यायला सांगा आणि तोच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. रबराचा आणि फायबरचा असे दोन्ही मिळतात. दोन जास्तीचे आणा. नळ खोलायच्या आधी त्या मजल्याचा कॉक बंद करायला लागतो, आणि तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसला तर घट्ट बसलेला असतो. तो फिरतो का हे आदल्या दिवशी बघून ठेवा, मधल्या सुट्टीत नको. वायसर बदलूनही नळ गळत राहिला तर आतली पितळी बैठक झिजलेली असेल, मग नळच बदलावा लागतो. त्या नळाचं नाव पत्रात वेगळं लिहा.